पाच तोळ्यांची शेगडी

१९ जानेवारी १९६३, जळगाव जामोद

जमली एकदाची. बूटपॉलिशची मोठी डबी, तिच्या झाकणाला कडेनं आरीनं पाडलेली बावीस बारीक भोकं, मध्ये एक मोठं भोक स्पिरिट ओतायला, आत कापसाचा बोळा. मधल्या भोकावर जुना तांब्याचा पैसा झाकण म्हणून ठेवायचा. काडी लावली की आधी नुसतंच भुरभुरतं, पण डबी तापली की कडेच्या भोकांतून निळ्या कळ्या फुटतात. वर सायकलच्या तुटक्या तारांची तिवई. सोनाराकडून वजन करून आणलं. सगळं मिळून पाच तोळे. सोनार हसला, पण कपभर चहा सहा मिनिटांत झाला तो त्यानंही प्यायला.

पंप मारायचा स्टोव्ह दोन शेर भरतो, शिवाय रॉकेल सांडतं. माझी शेगडी खिशात मावते. माझ्यासारख्या देवीच्या लस टोचकाला महिन्याला सुई जाळून घ्यायला जे स्पिरिट मिळतं, त्यातलंच थोडं वापरायचं. एका सुईला लागतं किती? मी आधीपासून उरवतच होतो.

फिरतीवर एकेका वेळी पाच दिवस जातात. सातपुड्याच्या पायथ्याची गावं, सगळं पायी. कुठेही गेलं की पाटलाकडे जेवण. जेवणाआधी पाणी, आणि पाण्याआधी तो प्रश्न : इंगळे म्हणजे कुठले इंगळे? इंगळे कुणब्यांत आहेत, आमच्यातही आहेत. छप्पन साली आमचा सगळा वाडा बौद्ध झाला तेव्हा मला वाटलं होतं की प्रश्न बदलेल. प्रश्न तोच आहे, फक्त आता तो हळू आवाजात विचारतात. पण शेगडी मी त्याकरता केलेली नाही. आरोग्यखात्याच्या माणसानं कुठलंही पाणी पिऊ नये, कुठलंही अन्न खाऊ नये, हे शास्त्र आहे. आणि वेळही वाचतो.

२३ जानेवारी

चहा-खिचडीवर माझं भागत नाही. फिरतीत रोडगा भाजता आला पाहिजे. गोवऱ्या, निखारे यांच्याशिवाय रोडगा होतच नाही असं माझी बायको अन्नपूर्णा म्हणाली, म्हणून मी हट्टाला पेटलो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. तळाला नदीतले गोटे, गोट्यांवर एक झाकण, झाकणावर कणकेचे गोळे, वरून डब्याचं झाकण. खाली शेगडी, बारीक ज्योत.

पहिला रोडगा कोळसा झाला, दुसरा आत कच्चा राहिला. तिसऱ्या वेळी भोकं अर्धी बुजवली आणि चाळीस मिनिटं हात बांधून बसलो, जे मला जन्मात कधी जमलं नाही. खरपूस झाला. अन्नपूर्णेनं तुपात बुडवून खाल्ला, आणि म्हणाली की चव गोवरीची नाही, दवाखान्याची आहे. मग तिनं विचारलं, आंबापाटला कारभारी नावाचा आपल्यातला कोतवाल आहे, तिच्या मावशीच्या नात्यातला, त्याच्या घरी उतरलं तर काय बिघडेल. मी म्हटलं, वेळ नसतो. तिनं पुढे विचारलं नाही. तिचं न विचारणं मला फार बोचतं.

२९ जानेवारी, फिरतीवर

बाटलीनं वैताग आणलाय. दारूबंदी आहे, त्यामुळे स्पिरिटचा वास आला की गावातली दोन-चार नाकं लगेच वर होतात. काल एका धर्मशाळेत एक म्हातारा तासभर माझ्याशी गजानन महाराजांच्या गोष्टी बोलत बसला, आणि शेवटी हळूच म्हणाला की फक्त टोपणभर द्या. हे विष आहे, आंधळे व्हाल, म्हटलं. तर तो म्हणतो, दिसून तरी काय राह्यलं मले.

शेगडी मात्र बिनचूक चालली. दिवसा ज्योत दिसतच नाही. विझली समजून हात नेला आणि मनगटाचे केस गेले. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्र्याची पट्टी केली पाहिजे. उद्याच करतो. रात्री झोपेतही भोकं मोजतो असं अन्नपूर्णा म्हणते, ते खरं असणार.

५ फेब्रुवारी, धावडखेड

आजचा दिवस घोड्यावर बसल्यासारखा गेला. सकाळी आंबापाट. छत्तीस टोचे. उजाडताच सुरू केलं, अकराला संपवलं. मग ओढ्याकाठी चिंचेखाली शेगडी लावली आणि डबा चढवला. सहा रोडगे, आजवरचे सगळ्यात देखणे. झाकण काढून पाहतो तोच पलीकडच्या काठावरून कोतवाल येताना दिसला. तोच कारभारी. हाक मारली, भाऊ म्हणाला, घरी बेसन-भाकर झाली आहे, जनकाबाई वाट पाहून राहिली. चिखलीकडचे इंगळे म्हणजे आपलेच, असंही मोठ्यानं म्हणाला. ओढ्यावर गावच्या पाचसहा बाया धुणं धूत होत्या. धावडखेडच्याही दोघी होत्या.

धावडखेडला तीनपर्यंत पोचायचंय, म्हटलं. शेगडीवर फुंकर मारली, डबा गोट्यांसकट तसाच फडक्यात गुंडाळून पिशवीत कोंबला आणि निघालो. तो काठावर उभा राहिला. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. कामाचा दिवस होता.

आणि गंमत म्हणजे, दोन कोस चालून आलो तरी डबा गरमच! गोट्यांची करामत. धावडखेडच्या पारावर बसून रोडगा फोडला तर वाफ निघाली, बोट पोळलं. अन्नपूर्णेनं दिलेला गुळाचा खडा पिशवीत वितळून लसीच्या डबीवर पसरला होता, तो बोटानं चाटून घेतला. गरम रोडगा आणि पातळ गूळ, भर दुपारी, जंगलाच्या तोंडाशी! कलेक्टरलाही मिळत नसेल.

इथले पोलीस पाटील हिंमतराव भले माणूस. पण लोक टोचून घ्यायला तयार नव्हते. देवीला राग येतो म्हणतात. शेवटी वच्छलाबाई नावाची विधवा पुढे आली. शेत स्वतः वाहते, गावात तिला मान आहे. आईवेगळी नात, सिंधू, सहा वर्षांची, तिच्याकडेच असते. माही पोरगी आंधी टोचा, म्हणाली. सिंधूनं हूं की चूं केलं नाही, उलट फिरकीची सुई कशी फिरते ते पाहायला मान वाकडी केली. म्हातारी पदरानं तिला वारा घालत होती. मग सगळी रांग लागली. एक्केचाळीस टोचे. एका दिवसात सत्त्याहत्तर!

हिंमतरावांनी जेवायचा आग्रह केला. माझा डबा दाखवला. ते म्हणाले, तुम्ही तं सोवळ्यातले दिसता. मी हसलो. नाही म्हणालो नाही.

१३ फेब्रुवारी, धावडखेड

डोकं फिरलंय. आठव्या दिवशीची तपासणी. काल आंबापाटला छत्तीसपैकी चौतीस दंडांवर टोचा टपोरा उठलेला. आज धावडखेडला एकही नाही. एक्केचाळीसपैकी एकही नाही. नुसत्या सुकलेल्या खपल्या, तांदळाच्या कणीएवढ्या.

एकाच खोक्यातल्या नळ्या, एकच सुई, एकच माणूस, एकच दिवस. मग फरक काय? गाव! मी पाहिलंय, टोचून झालं की बाया घराआड जाऊन राखेनं नाहीतर शेणानं पुसून टाकतात. मी पारावर उभा राहून सगळ्यांदेखत बोललो. अडाणीपणा, कृतघ्नपणा, जे तोंडाला आलं ते. आणि वच्छलाबाईंना म्हणालो, तुमचं पाहून लोकांनी टोचून घेतलं, आणि तुम्हीच पोरीचा हात पदरानं पुसत होतात, मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आपल्या पदराकडे पाहत राहिल्या.

१४ फेब्रुवारी, जळगाव

आमचे निरीक्षक भगवानराव यांना सांगितलं. ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मग जरा सौम्य होऊन म्हणाले, लस कमजोर आली असेल, वर लिहितो. पण हाताशी लस संपली आहे. नवी बर्फातून यायची, तिला दहाबारा दिवस लागतील, मग धावडखेड पुन्हा करा. मी म्हटलं, लस कमजोर तर आंबापाटला कशी उठली? ते म्हणाले, इंगळे, तुम्ही फार विचार करता.

२० फेब्रुवारी

हातात काम नाही. शेगडीला आडोशाची पट्टी केली, मग मोडली, मग पुन्हा केली. भोकं अठरावर आणली. वजन साडेचार तोळे. कशातच जीव लागत नाही.

आज अन्नपूर्णेशी वाजलं. आंबापाटच्या कोतवालाची बायको जनकाबाई बाजारात तिला भेटली आणि म्हणाली की तुमचे मालक आमच्या भाकरीले भेले. अन्नपूर्णा मला म्हणाली, "पाटलाच्या घरी जात नाही ते मले समजते. पण आपल्याच घरून पळता, ते काऊन?"

मी म्हटलं, नोकरीतल्या माणसाला सगळ्यांना सारखं अंतर ठेवावं लागतं. ती म्हणाली, मंग आरशालेही ठेवा. मी शेगडी उचलली आणि अंगणात जाऊन बसलो. ही बाई चौथी शिकलेली आहे आणि मी मॅट्रिक.

२६ फेब्रुवारी

धावडखेडला देवी निघाली. हिंमतरावांचा माणूस निरोप घेऊन आला. चार दिवसांपासून अंगावर आहे, पोरगी बेशुद्धीत बडबडते. कोणती पोरगी ते मी विचारलं नाही. तो आपण होऊन म्हणाला, वच्छलाबाईची.

पंधरवड्यापूर्वी वरच्या अंगाला जत्रा होती, तिथून आली असणार. नवी लस सकाळीच नांदुऱ्याहून आली आहे. पहाटे निघतो.

२७ फेब्रुवारी, धावडखेड

आंबापाटच्या ओढ्यावर त्याच चिंचेखाली थांबलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शेगडी काढली, गोट्यांचा डबा काढला, लसीची डबी अलगद बाजूला ठेवली. तिच्या झाकणाच्या खोबणीत काळपट काहीतरी चिकटलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. नखानं खरवडलं. गूळ होता.

मी शेगडी पेटवली नाही. गूळ वितळला तेव्हा त्या डबीत लस होती. गार ठेवा, गार ठेवा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि मी दोन कोस तिला तापलेल्या गोट्यांशी पाठ लावून नेली. आंबापाटला सकाळी टोचलं ती लस जिवंत होती. धावडखेडला मी एक्केचाळीस मुलांच्या दंडांवर मेलेली लस घासली. त्यांनी काही पुसलं नव्हतं.

धावडखेडला दुपारी आलो. वच्छलाबाईंच्या दाराला लिंबाचा डहाळा. घरात फोडणी बंद, परक्यानं आत जायचं नाही. दारातून पाहिलं. सिंधूच्या तोंडावर जागा उरलेली नाही.

पारावर लोक जमले होते. दोन तट. एक म्हणतो, टोचून घेतलं म्हणून देवी कोपली. दुसरा म्हणतो, म्हातारीनं टोचा पुसला म्हणून पोरगी गेली हातची. हे दुसरं त्यांना कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. हिंमतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही कायले मधात पडता? देवीचा कोप म्हणा न मोकळे व्हा. दोन दिवसांनी लोक निवतील, मंग टोचा."

जन्मभर मी देवीला मानलं नाही. आज तिच्याआड लपायला जागा मिळाली आणि मी गप्प बसलो.

१ मार्च

शाळेत मुक्काम. मास्तर रजेवर. कोणी टोचून घेत नाही. लस ओल्या मडक्यात ठेवली आहे, दर तासाला फडकं भिजवतो. आज ती सोडून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. कोरडे चणे खातो.

दोनदा वच्छलाबाईंच्या दारापर्यंत गेलो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो. चोराच्या मनात चांदणं, तसं झालंय, कोणी दोघं बोलताना दिसले की वाटतं माझंच चाललंय. नोकरी जाईल. आणि नोकरीपेक्षा ते दुसरं. घाई का होती, हा प्रश्न येईलच. त्याचं उत्तर दिलं की इंगळे म्हणजे कुठले इंगळे याचंही उत्तर दिल्यासारखं होतं.

आज आणखी एका घरात ताप आला, असं म्हणतात.

४ मार्च

सिंधू काल दुपारी गेली.

आज सकाळी मी गेलो. ओट्यावर वच्छलाबाई, खाली अंगणात पंधरावीस माणसं, हिंमतराव खाटेवर. मी अंगणात उभा राहिलो. मला काही बोलता येण्याआधी त्याच बोलल्या.

"म्या पुसलं नव्हतं, डाक्तर. पण वारा घालून राह्यली होती. पदर लागला असंल पोरीच्या हाताले. पोरगी पडल्यापासून दहा दिवस मी तेच आठवून राह्यली, लागला का नाई लागला."

मी म्हणालो, पदरानं काही झालेलं नाही. लसच मेलेली होती. माझ्या पिशवीत मेली. मग सगळं सांगितलं : शेगडी, गोटे, गरम डबा, गूळ. कोणाला वाटलं थट्टा करतो. हिंमतराव म्हणाले, डबा निवू द्यायचा न बाप्पा, एवढी कायची घाई होती.

तो प्रश्न आलाच. मी सांगितलं. आंबापाटचा कोतवाल मला जेवायला बोलावत होता. तुमच्या गावच्या बाया तिथे होत्या. त्याच्याकडे जेवलो असतो तर मी त्यांच्यातलाच आहे हे माझ्याआधी इथे पोचलं असतं. म्हणून पळालो. मी बौद्ध आहे. त्या दिवशी तुम्ही मला सोवळ्यातला म्हणालात आणि मी हसलो.

वच्छलाबाई माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नव्हे. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"एका भाकरीपाई?" त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. म्हणाल्या, पोरं आणा रे ज्याची त्यानं, देवीचं नाव घेऊ नका कोणी. आणि स्वतःचा डावा दंड पुढे केला. पहिला टोचा त्यांना. त्यांच्यामागून चाळीसही मुलं आली. सुई सरळ चालली.

उन्हं वर आली तेव्हा मी पाणी मागितलं. हिंमतरावांनी गड्याला खूण केली. गड्यानं वरून ओंजळीत पाणी ओतलं. मला तहान लागली होती. मी प्यालो.

६ मार्च, जळगाव

भगवानरावांना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, तोंडी सांगितलं असतंत तर मी लस कमजोर म्हणून मिटवलं असतं. कागद वर गेला. काय व्हायचं ते होवो. अन्नपूर्णेनं ताटात दोन भाकरी वाढल्या आणि समोर बसून राहिली. मला अर्धी गेली.

धावडखेडला ज्या घरात ताप होता तो साधा निघाला. दुसरी केस नाही.

१३ मार्च, धावडखेड

तपासणीला मीच जातो म्हणून भगवानरावांच्या हातापाया पडलो. होळी होऊन गेली, पण या गावात कोणी रंग खेळलं नाही. चाळीसपैकी एकोणचाळीस टोचे उठलेत, टपोरे, मोत्यासारखे. एकाला पुन्हा टोचलं. मुलं दंड दाखवायला एकमेकांना ढकलत होती.

वच्छलाबाईंचं दार शेवटचं. मी हाक मारली. त्या बाहेर आल्या आणि मी आधी मान खाली घातली, कारण डोक्यावर पदर नव्हता. पदर डाव्या खांद्यावरून काढून घट्ट पिळून कमरेला खोचलेला. एवढ्या वयाची, मानाची बाई, चारचौघांत अशी. शेजारीण हळूच म्हणाली, आठ दिवसांपासून असंच आहे, शेतातही, आंघोळीवरून येतानाही, झोपतानाही.

त्यांनी दंड माझ्यापुढे धरला. टोचा सुरेख उठला होता.

"पाहा," त्या म्हणाल्या. "ह्या बखती पदर लागू देल्ला नाई."

मी पुन्हा सांगितलं, वच्छलाबाई, पदरानं काही होत नसतं, तो दोष माझा होता. गूळ, गोटे, डबा, सगळं पुन्हा सांगितलं.

"हाव," त्या म्हणाल्या, आणि पदर तसाच कमरेला ठेवून आत गेल्या.